शिरोलीची फाउंड्री, श्टुटगार्टचा ग्राहक: परदेशात कंपनीचं रूप कोणतं घ्यायचं?

जर्मनीत कंपनी काढायला गेलेल्या आपल्याकडच्या उद्योजकाला पहिला धक्का बसतो तो नोटरीच्या टेबलाशी. कोर्टाबाहेर छत्रीखाली बसून शिक्का मारून देणारा नोटरी आपल्या सवयीचा. तिथला नोटरी म्हणजे मुरलेला कायदेतज्ज्ञ. तो कंपनीचा स्थापना-दस्त हातात घेतो आणि मोठ्याने वाचायला लागतो. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, कारण दस्त पक्षकारांसमोर वाचून दाखवलाच पाहिजे असा तिथला कायदा आहे. समोरच्याला जर्मन येत नसेल तर शेजारी दुभाषा बसतो आणि वेळ दुप्पट लागतो. कोल्हापूरहून गेलेला माणूस घड्याळ बघत मान डोलावतो.

अडचण अशी की टेबलाशी बसेपर्यंत कंपनीचं रूप ठरून गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते ठरतं कुणाच्या तरी सांगण्यावरून: ‘शेजारच्या युनिटवाल्याने जीएमबीएच काढली’, ‘मेहुणा म्हणतो दुबई बरी’. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. समजा, शिरोली एमआयडीसीत एक फाउंड्री आहे. प्रायव्हेट लिमिटेड, नेटवर्थ दहा कोटी. श्टुटगार्टच्या आसपासच्या दोन-तीन ग्राहकांना ती पंपांचे आणि गिअरबॉक्सचे कास्टिंग पाठवते. आता ग्राहक म्हणतो, ‘माल इथे साठ्यात ठेवा, बिल इथून द्या, आणि तक्रार आली तर उचलायला इथे फोन असू द्या.’

कंपनी लागतेच का?

कुणी न विचारलेला हा पहिला प्रश्न. ग्राहकाला साठा जवळ हवा असेल तर त्यासाठी जर्मन कंपनी लागत नाही. भारतातली कंपनी स्वतःच्या नावावर जर्मनीत व्हॅटची नोंदणी करू शकते, दुसऱ्याच्या गोदामात भाड्याने जागा घेऊ शकते आणि १९ टक्के व्हॅट लावून तिथल्या ग्राहकाला बिल देऊ शकते. आयातीच्या वेळी भरलेला व्हॅट याच नोंदणीतून परत मिळतो. वर्षाला चार-सहा कंटेनर जाणाऱ्या फाउंड्रीला पहिली दोन वर्षं एवढं पुरतं.

आपल्याकडे परदेशी कंपन्यांचं ‘लायझन ऑफिस’ असतं, तसं तिथे काढू असंही बरेच जण म्हणतात. जर्मन कायद्यात त्या नावाचा वेगळा प्रकारच नाही. दारावर ‘प्रतिनिधी कार्यालय’ अशी पाटी लावा हवं तर, कायदा आत काय चालतं ते बघतो. आत धंदा चालत असेल तर ते धंद्याचं ठिकाण, मग पाटीवर काहीही असो.

कंपनी लागते ती पुढच्या टप्प्यावर: माणसं नेमायची असतील, मोठा ग्राहक ‘पुरवठादार युरोपातलाच हवा’ असं करारात घालत असेल, किंवा मालात दोष निघाला तर येणारा दावा शिरोलीपर्यंत पोचू द्यायचा नसेल तेव्हा. यातलं तिसरं कारण सगळ्यात वजनदार, आणि त्याचाच विचार सगळ्यात उशिरा होतो.

एजंट: स्वस्त वाटतो तो

मधला मार्ग म्हणून लोक कमिशनवर एजंट नेमतात. पगार नाही, ऑफिस नाही, ऑर्डर आली तरच पैसे. कागदावर यासारखं सुख नाही.

पण युरोपीय समुदायाने १९८६ साली व्यापारी एजंटांच्या संरक्षणाचा निर्देश काढला, आणि जर्मनीच्या व्यापारी संहितेत तर ही तरतूद त्याच्याही आधीपासून आहे. एजंटाने ग्राहक जोडून दिले आणि तुम्ही करार संपवलात, तर त्याला भरपाई द्यावी लागते. तिची कमाल मर्यादा त्याच्या सरासरी वार्षिक कमिशनाइतकी, आणि ती सरासरी मागच्या पाच वर्षांची. ‘आमच्या करारात भरपाई नाही असं लिहिलंय’ हे तिथे चालत नाही, हा हक्क आधीच सोडून देता येत नाही. पाच वर्षं एजंटावर काढून मग स्वतःची कंपनी उघडणाऱ्याला हे बिल नेमकं नव्या कंपनीच्या पहिल्या वर्षात येतं, जेव्हा खर्च आधीच डोक्यावरून चाललेला असतो. म्हणून एजंट नेमतानाच हिशोबात एका वर्षाचं कमिशन बाजूला धरावं.

नकळत उघडलेलं दुकान

कंपनी काढली नाही म्हणजे तिथला आयकर लागणार नाही, असं नसतं. दोन देशांमधल्या कर-करारांत ‘कायम आस्थापना’ नावाची कल्पना असते. भारत आणि जर्मनीचा असा करार १९९५ साली झाला. तुमची तिथे पक्की जागा असेल, किंवा तुमच्या वतीने सौदे पक्के करणारा माणूस असेल, तर त्या आस्थापनेच्या वाट्याचा नफा तिथे करपात्र होतो, मग तुम्ही कुठल्याही रजिस्टरमध्ये नाव घातलेलं नसो.

गोदामाचा प्रश्न इथे नाजूक होतो. भारताने केलेल्या बऱ्याच करारांत नुसता साठा किंवा मांडणी यांना सूट आहे, पण त्याच साठ्यातून कुणी तुमच्या वतीने नियमितपणे माल पोचवत असेल किंवा जवळजवळ फक्त तुमच्यासाठी ऑर्डरी मिळवत असेल तर सूट संपते. करार प्रत्येक देशाशी वेगळा, शब्द वेगळे. त्यामुळे ‘माझ्या मित्राला लागला नाही’ हा आधार धरू नये.

ही कल्पना किती ताणली जाते ते आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने दाखवलं आहे. २०१७ साली फॉर्म्युला वनच्या खटल्यात शर्यत अवघी तीन दिवसांची होती, तरी बुद्ध सर्किट ही त्या परदेशी कंपनीची इथली कायम आस्थापना ठरली. जुलै २०२५ मध्ये हयात हॉटेलच्या दुबईतल्या कंपनीबाबतही तेच: दिल्लीच्या हॉटेलात तिची स्वतःची खोली नव्हती, पण कारभारावर तिची पकड होती, तेवढं पुरलं. आपण इथे जो न्याय लावतो तोच तिकडचा कर अधिकारी आपल्याला लावणार. तुमचा सेल्सचा माणूस वर्षातले आठ महिने श्टुटगार्टमध्ये राहून ईमेलवर भाव पक्के करत असेल, तर त्याच्या सहीखाली ‘बिझनेस डेव्हलपमेंट’ लिहिलेलं असून उपयोग नाही.

शाखा की स्वतंत्र कंपनी

आता मुख्य निवड. शाखा म्हणजे शिरोलीचीच कंपनी, फक्त टेबल श्टुटगार्टला. स्वतंत्र कंपनी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दुसरी व्यक्ती, तिचे शेअर शिरोलीकडे. हा फरक कायद्यात पक्का झाला तो १८९६ साली लंडनमध्ये, ॲरन सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात. धंदा त्याचाच, जवळजवळ सगळे शेअर त्याचेच, तरी कंपनीचं कर्ज हे त्याचं कर्ज नाही असं हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं. परदेशात कंपनी काढणारा प्रत्येक जण त्या बूटवाल्याच्या सावलीत उभा असतो.

करापुरतं बघितलं तर शाखाच बरी दिसते, आणि हे ऐकून भलेभले चमकतात. ढोबळ आकडे घेऊ. जर्मनीत कंपनीच्या नफ्यावर १५ टक्के कॉर्पोरेट कर, त्यावर साडेपाच टक्के अधिभार, आणि शिवाय नगरपालिकेचा व्यवसाय कर. हा शेवटचा गावागणिक बदलतो. म्युनिक जास्त लावतं, राइन नदीकाठच्या मोनहाइमने तो एवढा खाली आणला की कंपन्या तिकडे पत्ता हलवायला लागल्या. सरासरी बेरीज ३० टक्क्यांच्या आसपास जाते.

शाखेने १०० रुपये कमावले तर ३० तिथे गेले. तोच नफा भारतातही करपात्र आहे, पण इथला सवलतीचा कॉर्पोरेट कर अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के, आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मिळते. म्हणून इथे आणखी काही भरावं लागत नाही. जास्तीचे पाच रुपये बुडाले, पण ७० हातात राहिले.

तेच १०० स्वतंत्र कंपनीने कमावले तर ३० तिथे गेले, ७० चा लाभांश इथे आला. लाभांश निघताना जर्मनी करारानुसार १० टक्के कापतं. (करारातला दर आपोआप लागत नाही. बॉनच्या केंद्रीय कर कार्यालयाकडून आधी दाखला घ्यावा लागतो, नाहीतर २६ टक्क्यांहून जास्त कापून घेतात आणि मग परताव्यासाठी अर्ज करत बसा.) इथे आल्यावर त्या ७० वर २५.१७ टक्के, त्यातून तिथे कापलेले सात वजा. पण कंपनीने तिथे भरलेले ३० वजा होत नाहीत. हातात राहतात साधारण ५२. परदेशी उपकंपनीच्या लाभांशावर पूर्वी १५ टक्क्यांचा सवलतीचा दर होता, तो २०२२-२३ पासून गेला. शिरोलीच्या कंपनीने तोच लाभांश पुढे स्वतःच्या भागधारकांना वाटला तर वजावट मिळते, पण मग तो भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो.

शिवाय पहिल्या वर्षांचा तोटा. शाखेचा तोटा मूळ कंपनीच्या नफ्यातून वजा होतो. उपकंपनीचा तोटा तिकडेच पडून राहतो, तिला स्वतःला नफा होईपर्यंत.

मग सगळे शाखाच का काढत नाहीत? कारण एका खराब लॉटचा दावा. गिअरबॉक्सचं घर तडकलं, ग्राहकाची लाइन थांबली, गाड्या परत बोलवाव्या लागल्या. शाखा असेल तर दावा सरळ शिरोलीवर: भट्टी, जमीन, बँकेतली शिल्लक सगळं उघड्यावर. उपकंपनीने विकलेल्या मालाचा दावा निदान आधी उपकंपनीवर येतो. वाहन-उद्योगाला माल देणाऱ्याने त्या १८ रुपयांच्या फरकाकडे विम्याचा हप्ता म्हणून बघावं, असं माझं मत. नुसतं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्याने कदाचित वेगळा विचार करावा. आणि नफा परत आणायची घाई नसेल, तिथेच मशीनिंगचं युनिट टाकायचं असेल, तर फरक तसाही पुढे ढकलला जातो.

मात्र एक गोष्ट लोक स्वतःच्या हाताने करतात. कंपनी काढतात, आणि पहिल्याच महिन्यात गोदामवाला, बँक आणि मोठा ग्राहक मूळ कंपनीची गॅरंटी मागतात. ती दिली की त्या तिघांपुरती भिंत पडली. गॅरंटी द्यावीच लागते बऱ्याचदा, पण रक्कम आणि मुदत यांची मर्यादा घालूनच द्यावी.

आणखी एक काम वाढतं ते भावाचं. शिरोलीने स्वतःच्याच जर्मन कंपनीला कास्टिंग कितीला विकलं, याकडे दोन्हीकडचे कर अधिकारी भिंग लावून बघतात. रक्कम कितीही असो, अशा व्यवहारांवर सीएचा वेगळा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो.

जीएमबीएच आणि तिची धाकटी बहीण

जर्मनीतली आपली प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे जीएमबीएच. हा प्रकार १८९२ च्या कायद्याने आला. भांडवल किमान २५,००० युरो, त्यातले निम्मे, म्हणजे १२,५००, नोंदणीआधी खात्यात पाहिजेत. उरलेले भागधारकाकडे येणे राहतात, माफ होत नाहीत.

क्रम असा: नोटरीकडे दस्त, मग बँक खातं, मग भांडवल, मग व्यापारी रजिस्टरमध्ये नोंद. नोटरीचं काम एका सकाळीत होतं. खरा वेळ जातो बँकेत. भागधारक भारतीय कंपनी, तिचे भागधारक आणखी कुणी, संचालक तिथे राहत नाही, अशा वेळी ओळखीचे कागद पुरवता पुरवता आठवडे उलटतात. दस्त झाला पण नोंद व्हायची आहे अशा काळात कंपनीच्या नावामागे ‘स्थापनाधीन’ अशी दोन अक्षरं लागतात. या काळात तिच्या नावाने जो कुणी व्यवहार करील तो स्वतः जबाबदार. गोदामाचा करार याच दिवसांत घाईने सही करून टाकणारे महाभाग कमी नाहीत.

कागदांबाबत एक अडगळ. भारत २००५ साली अपोस्टिलच्या हेग करारात गेला, पण भारतापुरती जर्मनीने हरकत घेतली. म्हणून पुण्या-मुंबईहून अपोस्टिल करून नेलेला ठराव आणि कंपनीचा दाखला तिथे चालेलच असं धरू नये. कुठला कागद, कुणाच्या शिक्क्याने, कुठल्या भाषेत, हे त्या नोटरीकडूनच लेखी घ्यावं आणि मगच तिकीट काढावं.

२००८ पासून एक धाकटी बहीणही आहे: यूजी. भांडवल एका युरोपासून. दरवर्षीच्या नफ्यातला चौथा हिस्सा राखीव ठेवायचा, भांडवल २५,००० ला पोचेपर्यंत. स्वस्त आहे, पण नावापुढे ‘हाफ्टुंग्सबेश्रेंक्ट’, म्हणजे ‘जबाबदारी मर्यादित’, हा शब्द पूर्ण लिहावा लागतो, आणि जर्मन खरेदी-अधिकाऱ्याला त्यातून एकच ऐकू येतं: यांच्याकडे पैसे नाहीत. लोखंड विकणाऱ्याने यूजीच्या वाटेला जाऊ नये.

संचालक होताना घरातल्या कुणाचं नाव सहज घालण्याची आपल्याकडची पद्धत तिथे महागात पडते. कंपनीची देणी भागवता येईनाशी झाली की जास्तीत जास्त तीन आठवड्यांत, आणि देणी मालमत्तेपेक्षा वर गेली की सहा आठवड्यांत, दिवाळखोरीचा अर्ज करणं संचालकावर बंधनकारक आहे. उशीर केला तर तो फौजदारी गुन्हा. ज्या आईचं किंवा वहिनीचं नाव तुम्ही घातलंय तिला हे माहीत आहे का, एवढं विचारून बघा.

आपल्या बाजूचा दरवाजा

तिकडची कंपनी निम्मी गोष्ट. पैसा भारतातून बाहेर जातो तो फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, दरवाजातून, आणि २२ ऑगस्ट २०२२ पासून परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आहेत. ते आधीच्यापेक्षा सुटसुटीत आहेत, पण बँकेच्या परकीय चलन विभागातल्या टेबलावर अजूनही बरेचसे अर्ज कंपनी काढून झाल्यावर येतात. उलटं पाहिजे.

पहिली गोष्ट, कोण गुंतवणार. कंपनी, एलएलपी आणि नोंदणीकृत भागीदारी संस्था यांना नेटवर्थच्या ४०० टक्क्यांपर्यंत बांधिलकी घेता येते. आपल्या फाउंड्रीचं नेटवर्थ दहा कोटी, म्हणजे मर्यादा ४० कोटी. यात फक्त शेअर नाहीत, दिलेलं कर्ज आणि दिलेली गॅरंटीही धरतात. (कामगिरीची गॅरंटी असेल तर निम्मीच मोजतात.) कर्ज द्यायचं असेल तर आधी शेअर घेतलेले असावे लागतात आणि कंपनी तुमच्या ताब्यात असावी लागते.

इचलकरंजी, सांगलीकडचे कितीतरी निर्यातदार मात्र प्रोप्रायटर आहेत. प्रोप्रायटर म्हणजे कायद्याने व्यक्तीच. त्यांना व्यक्तीची मर्यादा: वर्षाला अडीच लाख डॉलर. वर अट अशी की परदेशी कंपनी प्रत्यक्ष धंदा करणारी हवी, वित्तसेवेतली नको, आणि ती तुमच्या ताब्यात असेल तर तिच्याखाली आणखी उपकंपनी नको. ज्याला युरोपात खरंच हातपाय पसरायचे आहेत त्याने आधी इथलं रूप बदलावं. परदेशात जीएमबीएच आणि गावात प्रोप्रायटरशिप, हा जोडा जुळत नाही.

दुसरी गोष्ट, परदेशी संस्थेची जबाबदारी मर्यादित असलीच पाहिजे. अमर्याद जबाबदारीच्या भागीदारीत सामान्य धंद्यासाठी पैसे घालता येत नाहीत. जमीन-खरेदी-विक्रीचा धंदा आणि जुगार यांनाही बंदी.

पैसे पाठवण्याआधी बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून रिझर्व्ह बँकेचा एक ओळख क्रमांक घ्यायचा. त्या क्रमांकाचे सगळे व्यवहार त्याच एका बँकेतून. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत बँकेला द्यायचा. मग दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक कामगिरी अहवाल, म्हणजे एपीआर. शिवाय १५ जुलैला रिझर्व्ह बँकेकडे परकीय मालमत्ता आणि देण्यांचं विवरण. एपीआर राहिला तर उशिराचं शुल्क ७,५०० रुपये, ते काही फार नाही. पण तो थकलेला असेपर्यंत पुढचा पैसा पाठवता येत नाही, आणि तिकडे पगाराची तारीख आलेली असते.

एपीआरमध्ये एक खोच आहे. छोट्या जीएमबीएचला जर्मनीत ऑडिट सक्तीचं नाही. आपल्या नियमात मात्र कंपनी तुमच्या ताब्यात असेल तर एपीआर ऑडिट केलेल्या हिशोबांवरच हवा. म्हणजे ज्या ऑडिटची गरज तिथल्या कायद्याला नाही, ते केवळ आपल्या बँकेसाठी तिथल्या दरात करून घ्यावं लागतं. पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हा खर्च कुणीच धरत नाही.

शाखेला हे गुंतवणुकीचे नियम लागत नाहीत, तिचा मार्ग २०१५ च्या परकीय चलन खात्यांच्या नियमांतून जातो. सुरुवातीच्या खर्चासाठी मागच्या दोन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या १५ टक्के किंवा नेटवर्थच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. चालू खर्चासाठी सरासरी उलाढालीच्या १० टक्के.

तयार कंपनी, तयार भागीदार

कोरी कंपनी काढण्यापेक्षा चालती विकत घेणं हा महाराष्ट्रातल्या उद्योगांनी यशस्वी करून दाखवलेला रस्ता. किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ साली इंग्लंडची एसपीपी पंप्स घेतली, भारत फोर्जने २००४ साली जर्मनीची कार्ल डान पेडिंगहाउस. ग्राहक, कामगार आणि मंजुऱ्या तयार मिळतात. सोबत जुनी देणी आणि पेन्शनही. छोट्या फाउंड्रीला हे आवाक्यातलं नसतं असं नाही. वारस नाही म्हणून विकायला निघालेली कुटुंबाची वर्कशॉप जर्मनीत बरीच आहेत.

५०-५० ची भागीदारी मात्र शक्यतो टाळावी. मतभेद झाला की दोघांपैकी कुणीच जिंकत नाही, कंपनी जागच्या जागी थांबते. ५१-४९ असू द्या, किंवा अडल्यावर कोण कुणाचे शेअर कुठल्या भावाने घेणार ते आधीच लिहून ठेवा.

दुबई आणि डेलावेअर

‘तिथे टॅक्स नाही’ हे दुबईबद्दलचं वाक्य जुनं झालं. १ जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना संयुक्त अरब अमिरातीत ९ टक्के कॉर्पोरेट कर आहे, ३,७५,००० दिरहमवरच्या नफ्यावर. फ्री झोनमध्ये शून्य दर मिळतो, पण तो अटींत बसणाऱ्या उत्पन्नालाच. २०२१ पासून मुख्य भूमीवरही बहुतेक धंद्यांत स्थानिक भागीदाराशिवाय पूर्ण मालकी घेता येते, त्यामुळे फ्री झोनचं जुनं आकर्षणही कमी झालं. आखाती ग्राहकांना माल विकायचा असेल तर दुबई उत्तम. जर्मनीला जाणाऱ्या मालाचं बिल फक्त दुबईतून फिरवायचं असेल तर मात्र जपून. परदेशी कंपनीचा खरा कारभार भारतातून चालत असेल तर ती इथलीच निवासी कंपनी धरता येते. वर्षाला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना यातून सूट आहे. त्यावर गेलात आणि संचालक मंडळाचे निर्णय शिरोलीच्या केबिनमध्ये होत असतील, तर दुबईचा ठराव तुम्हाला वाचवणार नाही.

अमेरिकेत आपली मुलं काही मिनिटांत डेलावेअरची एलएलसी काढतात. वर्षाला ३०० डॉलरचा ठरावीक कर, बाकी काही नाही असं वाटतं. एकच मालक असलेल्या एलएलसीला अमेरिकेचं कर खातं वेगळी व्यक्ती मानतच नाही, आणि भारत तिला कंपनी मानतो. दोन देश एकाच वस्तूकडे दोन नजरांनी बघतात तेव्हा कराची वजावट मधल्या फटीत पडते. शिवाय परदेशी मालकाच्या अशा एलएलसीने ठरावीक माहितीचा फॉर्म भरला नाही तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू, कमाई शून्य असली तरी. धंदा गंभीर असेल तर २१ टक्के संघीय कर भरणारं साधं कॉर्पोरेशन काढा, ते दोघांनाही समजतं.

चुकीच्या ठिकाणी बसवलेली कंपनी नंतर हलवायला किती पडतं, याचं मोठं उदाहरण फोनपे. २०२२ साली तिने आपलं ठिकाण सिंगापूरहून भारतात आणलं, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना जवळपास ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला.

बंद करताना

पुन्हा शिरोलीकडे. तीन वर्षांनी ग्राहकाने प्लांट पोलंडला हलवला आणि श्टुटगार्टच्या कंपनीचं काम संपलं असं समजा. शाखा असती तर रजिस्टरमधली नोंद काढून, शेवटचं विवरण भरून मोकळे झाला असता. जीएमबीएच तशी सुटत नाही. आधी विसर्जनाचा ठराव, पुन्हा नोटरी. मग घेणेकऱ्यांना जाहीर सूचना, आणि तिथून पुढे पूर्ण एक वर्ष भागधारकाला एक युरोही वाटता येत नाही. या वर्षभर कंपनीच्या पत्रावर नावामागे ‘विसर्जनाधीन’ अशी अक्षरं राहतात. हिशोब चालू, विवरणं चालू, पत्ता चालू. वर्ष संपल्यावर उरलेले पैसे शिरोलीला येतात. येणे झाल्यापासून ९० दिवसांत ते भारतात आणायचे आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत बँकेला कळवायचं. मधल्या ३१ डिसेंबरला एपीआर तेवढा लागत नाही, विसर्जन चालू असलेल्या कंपनीला त्यातून सूट आहे.

एवढं झाल्यावरही कंपनीच्या वह्या दहा वर्षं सांभाळून ठेवाव्या लागतात, आणि त्या कुणाकडे राहणार हे ठरवून द्यावं लागतं. जर्मनीत तुमचं तेव्हा कुणीच नसेल. म्हणून नोटरीच्या टेबलाशी बसायच्या आधी तिथल्या कर सल्लागाराला विचारून घ्या: दहा वर्षं ही खोकी तुमच्या माळ्यावर ठेवायला किती घ्याल?